तिरपी रेषा पायांनी शोधायची

प्रश्न असा आहे: “जिना, कठडा, रस्ता असं काही दिसलं की मी कॅमेरा दहा-बारा अंश वाकडा धरतो, कारण तिरप्या रेषांनी फोटोत गती येते असं सगळीकडे वाचलं आहे. माझ्या फोटोत गती काही येत नाही, सगळं घसरल्यासारखं दिसतं. पुलाच्या कठड्याला टेकून उभ्या असलेल्या मित्राचा फोटो असाच बिघडला. रेषा नेमकी कोपऱ्यातूनच निघायला हवी का? आणि डावीकडून उजवीकडे चढणारी रेषा चांगली की उतरणारी?”

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते. कोपऱ्यातूनच निघायला हवी असं अजिबात नाही. आणि चढती-उतरती हा भेद खरा असला तरी सांगतात तेवढा मोठा नाही. पण तुमची अडचण या दोन्हींच्या आधी सुरू होते. तुम्ही तिरपेपणा मनगटाने आणता आहात, आणि तो आणायचा असतो पायांनी.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. आपल्याकडे ‘कर्ण’ आणि ‘तिरपी रेषा’ असे दोन वेगळे शब्द आहेत, ते वेगळेच ठेवले तर बरं. कर्ण म्हणजे चौकटीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाणारी रेषा. एका चौकटीत असे कर्ण दोनच. तिरपी रेषा म्हणजे आडवीही नाही आणि उभीही नाही अशी कुठलीही. रुंदी-उंचीचं प्रमाण ३:२ असलेल्या आडव्या फ्रेममध्ये कर्णाचा कोन साधारण ३४ अंश असतो, ४:३ मध्ये ३७, १६:९ मध्ये २९, आणि चौरसात बरोबर ४५. म्हणजे ‘रेषा कर्णावर ठेवा’ हा सल्ला तुम्ही कॅमेऱ्यावर पाळलात आणि शेजारच्याने फोनवर पाळला, तर दोघांच्या रेषांचा उतार वेगळा येणार. फोटोला जी ओढ लागते ती रेषा तिरपी असल्यामुळे लागते. ती कर्णावर बसली की नाही, हा त्यातला एक खास प्रसंग, आणि माझ्या अनुभवात फारसा कामाचा नसलेला.

आता मूळ मुद्दा. आपल्या भोवतीच्या जगात खरोखर तिरप्या वस्तू थोड्याच असतात. भिंती उभ्या, कठडे आडवे, रस्ते बऱ्यापैकी सपाट. बांधकाम करणाऱ्यांनी ओळंबा आणि पाणसळ वापरून सगळं सरळ करून ठेवलेलं असतं. मग फोटोंत इतक्या तिरप्या रेषा येतात कुठून? बहुतेक वेळा ती आपल्यापासून दूर जाणारी एक आडवी रेषा असते. कठडा जगात आडवाच आहे, पण तुम्ही त्याच्या बाजूला उभे राहून तो जिकडे जातो तिकडे बघितलंत की फोटोत तो तिरपा होतो. डोळ्याच्या पातळीखालच्या रेषा दूर जाताना क्षितिजाकडे चढतात, वरच्या रेषा क्षितिजाकडे उतरतात. एवढंच.

आणि हा तिरपेपणा किती असेल हे फार थोड्या गोष्टींवर ठरतं. समजा तुमचा डोळा जमिनीपासून १.६ मीटरवर आहे आणि कठड्याची वरची कड १ मीटरवर. फरक ६० सेंटिमीटर. तुम्ही कठड्यापासून ६० सेंटिमीटर अंतरावर उभे राहून, कॅमेरा सरळ धरून, कठड्याला समांतर बघितलंत तर ती कड फोटोत ४५ अंशांवर येते. दीड मीटर लांब गेलात की २२ अंश. अगदी खेटून, ३० सेंटिमीटरवर आलात की ६३ अंश. आता ६० सेंटिमीटरवरच राहा, पण गुडघे वाकवून डोळा १.१ मीटरवर आणा: कड साडेनऊ अंशांवर येईल. आणखी खाली, डोळा बरोबर कठड्याच्या उंचीला आणला की ती रेषा फोटोत सपाट झोपते.

बघा, यात लेन्स कुठेच आली नाही. २४ मिलिमीटरची (वाइड, म्हणजे जास्त पसारा घेणारी) लावा की ८५ ची, तुम्ही जागेवरून हलला नाहीत आणि कॅमेऱ्याची दिशा तीच ठेवलीत तर रेषेचा कोन तोच राहतो. वाइड लेन्स फक्त रेषेचा जवळचा, पायाशी येणारा भाग फ्रेममध्ये घेते, म्हणून ती जास्त जोरकस वाटते. ‘तिरप्या रेषांसाठी वाइड लेन्स हवी’ असं समजून लेन्स घ्यायला निघालेल्यांना मी नेहमी आधी दोन पावलं सरकायला सांगते.

कोन बदलणारी तिसरी गोष्ट म्हणजे कॅमेरा कुठे वळला आहे. कठड्याला समांतर बघताना कोन सगळ्यात मोठा. जसजसे कठड्याकडे वळाल तसतसा तो कमी होतो, आणि कठडा अगदी नाकासमोर घेतलात की शून्य. तुमच्या मित्राच्या फोटोत नेमकं हेच झालं आहे. तुम्ही कठड्यासमोर नाकासमोर उभे राहिलात, कठडा आडवा आला, तो कंटाळवाणा वाटला, म्हणून कॅमेरा वाकवलात. कठड्याबरोबर मित्रही वाकला, पलीकडचं पाणीही वाकलं, आणि सगळा पूल पाण्यात ओतल्यासारखा झाला.

तिरप्या रेषांची गोष्ट निघाली की अलेक्झांडर रोडचेंको या रशियन फोटोग्राफरचं नाव येतंच. १९२५ मध्ये त्याने मॉस्कोत मायस्नित्स्काया रस्त्यावरच्या स्वतःच्याच इमारतीचे फोटो काढले, बाल्कन्यांच्या ओळी खालून वर बघत. १९२८ मध्ये त्याच्या हातात लायका आला आणि मग तो सुटलाच. त्याचे जिन्याच्या पायऱ्यांचे, तुतारी वाजवणाऱ्या मुलाचे फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिले असतील. लोक त्यातून फक्त ‘वाकडा कॅमेरा’ उचलतात. कॅमेरा त्याने वाकवलाही, मुबलक वाकवला, नाही म्हणत नाही. पण त्याचं भांडण होतं ते पोटाशी कॅमेरा धरून समोर बघत काढलेल्या फोटोंशी. त्या काळच्या कित्येक कॅमेऱ्यांत वरून डोकावून बघावं लागे, त्यामुळे सगळं जग बेंबीच्या उंचीवरून दिसायचं. रोडचेंकोचं म्हणणं होतं की वर चढा, खाली झोपा, शहर त्या जागांवरून बघा. म्हणजे पुन्हा पायच.

त्याच्या वरून खाली बघणाऱ्या फोटोंतून एक फार उपयोगी गोष्ट कळते. कॅमेरा सरळ खाली, जमिनीकडे रोखलेला असेल तेव्हा तो गोल कसाही फिरवा, फोटो घसरत नाही. कारण त्या फ्रेममध्ये ‘वर’ नावाची दिशाच नसते. गुरुत्वाकर्षण लेन्सच्या दिशेनेच चाललेलं असतं. गच्चीवरून खालचं अंगण, ड्रोनवरून रस्ता, टेबलावरची मांडणी, किंवा जमिनीवर पाठ टेकून बघितलेलं छत, इथे मनगटाला पूर्ण मोकळीक आहे. हवा तो कोन धरा. मनगटाचं हे एकच हक्काचं राज्य.

बाकी ठिकाणी कॅमेरा वाकवला की काय होतं? आपला डोळा आडव्या आणि उभ्या रेषांच्या बाबतीत विलक्षण काटेकोर असतो आणि तिरप्यांच्या बाबतीत ढिला. दृष्टीच्या अभ्यासकांनी हे वारंवार तपासलं आहे; १९७२ पासून त्याला ‘ऑब्लिक इफेक्ट’ असं नावही आहे. भिंतीवरची तसबीर एका अंशाने कलली तरी आपल्याला खुपते, पण ३० अंशांवरची रेषा ३२ वर गेली तर कोणाच्या लक्षात येत नाही. क्षितिज, पाण्याची पातळी, उभा माणूस, दाराची चौकट या गोष्टी डोळा पाणसळीसारख्या वापरतो. ६००० पिक्सेल रुंद फोटोत क्षितिज एक अंश कललं तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १०५ पिक्सेलचा फरक पडतो, आणि तो दिसतो.

म्हणून वाकवायचंच असेल तर माझा हिशेब असा आहे. हा नियम नव्हे, माझ्या डोळ्याचा अंदाज. दोन-तीन अंश म्हणजे निष्काळजीपणा. पाच ते बारा अंश हा सगळ्यात वाईट टापू: चूक म्हणावी तर फार, मुद्दाम म्हणावं तर कमी. तुमचा नेम बरोबर इथे लागतो आहे. वीस-पंचवीसच्या पुढे गेलात तर बघणाऱ्याला कळतं की हे ठरवून केलं आहे, आणि मग तो कारण शोधतो. कारण सापडलं नाही तर तो वैतागतो, म्हणजे तिथेही सुटका नाही. फ्रेममध्ये पाणी असेल तर मी कधीच वाकवत नाही. पाणी तिरपं असतं हे कुणाच्याही मनाला पटत नाही.

आणि ‘नंतर सरळ करू’ हा विचार महागात पडतो. ३:२ चा फोटो तेच प्रमाण राखून २ अंश फिरवला तर जवळजवळ १० टक्के क्षेत्र कापावं लागतं, ५ अंशांना २१ टक्के, १० अंशांना ३५ टक्के. २४ मेगापिक्सेलचे साडेपंधरा उरतात. बरं, कापलं जातं ते कडांचं. म्हणजे तिरपी रेषा जिथून फ्रेममध्ये शिरते तोच तुकडा जातो.

आणखी एक गंमत सांगते, कारण ही चूक मीही भरपूर केली आहे. वळणावर सायकलस्वार आतल्या बाजूला झुकतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाने, २० मीटर त्रिज्येच्या वळणावर तो सुमारे २७ अंश झुकलेला असतो. भौतिकशास्त्राने दिलेली आयती तिरपी रेषा. मी काय करायची, तर त्याला व्ह्यूफाइंडरमध्ये पकडताना नकळत कॅमेराही त्याच्याबरोबर झुकवायची. फोटोत स्वार छान सरळ आणि मागचं जग डोंगराच्या उतारावर! जो झुकाव टिपायला गेले तोच पुसून टाकला. खरी तिरपी गोष्ट समोर असेल तेव्हा कॅमेरा आडवा ठेवण्याला जास्त महत्त्व येतं, कारण तिचा कल कशाच्या तरी तुलनेत दिसायचा असतो. झुकलेलं झाड, वळणारं विमान, वाऱ्याने कललेलं शीड, ओझं ओढणारा माणूस, सगळ्यांना हे लागू आहे.

तिरपी रेषा हलती का वाटते, याचं मला पटलेलं उत्तर या झुकण्यातच आहे. आडवी वस्तू पडून असते, उभी वस्तू उभी राहिलेली असते. दोघींचं काम संपलेलं आहे. तिरपी वस्तू मध्येच आहे. ती पडते आहे किंवा उठते आहे, आणि उरलेला प्रवास बघणारा मनात पुरा करतो. रूबेन्सने १६१० च्या सुमारास रंगवलेलं क्रूस उभारण्याचं चित्र बघा. ते आज अँटवर्पच्या कॅथेड्रलमध्ये आहे. क्रूस अजून उभा झालेला नाही, माणसं तो रेटताहेत. पूर्ण उभा क्रूस असंख्य चित्रांत सापडेल, पण रूबेन्सच्या चित्रात वजन जाणवतं ते तो अर्ध्यावर असल्यामुळे.

जो रोझेन्थालचा दुसऱ्या महायुद्धातला, इवो जिमा या जपानी बेटावरचा फोटो, २३ फेब्रुवारी १९४५ चा, त्याच जातीचा. सहा जण झेंड्याचा खांब उभा करताहेत आणि खांब अर्ध्यावर आहे. खांब पूर्ण उभा झाल्यावर त्याच जागी सैनिकांचा घोळका करून हात उंचावलेला फोटोही रोझेन्थालने काढला होता. तो किती जणांना आठवतो?

तुमचा चढती-उतरतीचा प्रश्नही याच फोटोवर तपासता येतो. सांगतात ते असं: आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून डावीकडे खाली आणि उजवीकडे वर अशी रेषा चढती वाटते, उत्साहाची; आणि उलटी रेषा उतरती, खचण्याची. आता इवो जिमाचा खांब बघा. त्याचा बुंधा उजवीकडे खाली आहे आणि झेंडा डावीकडे वर. पुस्तकी नियमाने ही उतरती रेषा झाली. पण तो फोटो बघून खांब पडतो आहे असं कुणालाच वाटत नाही, कारण माणसांची शरीरं कुठल्या दिशेने जोर लावताहेत ते दिसतं. रेषेची दिशा रेषेवरचा माणूस ठरवतो. जिना चढणाऱ्याची पाठ आणि मान बघून आपल्याला चढण कळते. पायऱ्या डावीकडून येतात की उजवीकडून, हे त्यानंतर.

फरक उरतो तो रेषेवर किंवा तिच्याभोवती कुणीच नसेल तेव्हा. रिकामा उतार, नुसती छपराची कड, डोंगराचा कडा. अशा वेळी संगणकावर फोटो आडवा उलटवून बघा. दोन्हींतला एक जास्त जड वाटेल, एक हलका. मी हा प्रयोग फक्त शिकण्यासाठी करते. उलटा फोटो कुणाला देत नाही. पाटीवरची अक्षरं आणि डावखुरे झालेले लोक लगेच चहाडी करतात, आणि जागा ओळखणाऱ्याशी तर ते सरळ खोटंच बोलणं होतं. पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूने उभं राहायचं, हा खरा उपाय.

आता कोपरा. रेषा नेमकी कोपऱ्यातून आली की दोन गोष्टी होतात. फ्रेमचे दोन त्रिकोण पडतात आणि बघणाऱ्याचं लक्ष त्या टोकाशी अडकतं: इतकं बरोबर कसं काय बसलं? आणि बसलं नसेल तर: जरासं चुकलं की. दोन्हींत फोटो मागे पडतो. मी रेषा बहुधा खालच्या कडेवरून, कोपऱ्यापासून थोडी आत, किंवा बाजूच्या कडेवरून थोडी वर घेते. किती आत? कोपरा ‘हुकला’ असं वाटणार नाही इतकी. रुंदीचा सहावा-सातवा हिस्सा आत आली की रेषा निवांत शिरते.

कोपरा गाठण्याचा हट्ट धरून मी एकदा चांगलीच तोंडघशी पडले. गोलाकार नसलेला, सरळ जाणारा एक लांब जिना. हातकठडा मी व्ह्यूफाइंडरमध्ये अगदी कोपऱ्यात बसवला होता, पंधरा मिनिटं घालवून. संगणकावर उघडला तर तो कोपऱ्यात नव्हताच. बऱ्याच साध्या डीएसएलआरचे व्ह्यूफाइंडर फ्रेमचा सुमारे ९५ टक्केच भाग दाखवतात आणि माझा त्यातलाच होता. मग क्रॉप करून कोपरा जुळवला, प्रिंट काढला, आणि फ्रेम करणाऱ्याने माउंट, म्हणजे फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, लावला. माउंटने चारी बाजूंनी काही मिलिमीटर झाकले आणि कोपरा पुन्हा गेला. त्याची काहीच चूक नव्हती, माउंट झाकतोच. तीच रचना कुणी चौरसात किंवा ५:४ मध्ये कापली असती तरी हेच झालं असतं. कोपऱ्यावर उभी केलेली रचना एवढी नाजूक असते. थोडी आत घेतलेली रेषा हे सगळं सहज सोसते.

रेषा शिरते कुठे याच्याइतकंच ती संपते कुठे हे महत्त्वाचं, पण त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. खालच्या डाव्या कडेने शिरून वरच्या उजव्या कडेने सरळ निघून जाणारी रेषा बघणाऱ्यालाही बरोबर घेऊन जाते. वाटेत काहीतरी अडसर हवा: माणूस, झाडाचं खोड, सावलीचा पट्टा, खिडकीची उभी कड. उभी गोष्ट उत्तम, कारण तिरप्या रेषेचा जोर उभ्यावर आपटला की दिसतो.

किंवा उलट्या दिशेची दुसरी तिरपी रेषा. आल्फ्रेड स्टिग्लिट्झचा १९०७ मधला ‘द स्टीअरेज’ हा फोटो याचा वस्तुपाठ आहे. अमेरिकेहून युरोपला निघालेल्या जहाजावर, वरच्या डेकवरून त्याने खालच्या वर्गाचे प्रवासी बघितले. मधून साखळीच्या कठड्याची पांढरी फळी जाते, वर धुराडं एका बाजूला कललेलं, जिना दुसऱ्या बाजूला. एकही रेषा मोकळी पळत नाही; प्रत्येकीला दुसरी अडवते. आणि फोटो ज्या विभागणीबद्दल आहे, वरचे लोक आणि खालचे लोक, ती त्या फळीनेच होते. फळी काढून टाका, उरते नुसती गर्दी.

इथे थोडं विषयांतर. फोटोच्या चार कडा याही रेषाच आहेत, दोन आडव्या आणि दोन उभ्या, आणि आतली प्रत्येक तिरपी रेषा त्यांच्याशी ताडून बघितली जाते. चित्रकारांनी यावरून मैत्र्या पणाला लावल्या आहेत. थिओ व्हॅन डूसबर्गने १९२४ च्या सुमारास आपल्या अमूर्त चित्रांत तिरप्या रेषा आणल्या. पीट माँड्रियानला फक्त आडवं-उभं मान्य होतं. दोघांत दुरावा येण्यामागे हा वाद होता. गंमत म्हणजे माँड्रियानने स्वतः कॅनव्हास ४५ अंशात फिरवून, टोकावर उभा करून चित्रं केली आहेत. आतल्या रेषा मात्र बहुतेक आडव्या-उभ्याच ठेवल्या. त्या चित्रांसमोर उभं राहिलं की कडाच तिरप्या वाटतात आणि आतलं सगळं शांत. फोटोत आपल्याला ही चैन नाही, आपली चौकट सरळच टांगली जाते.

आता ज्यांना हाताने दाखवता येणार नाही अशा तिरप्या रेषा. खाली बसलेलं मूल वर उभ्या आईकडे बघतं, तेव्हा त्यांच्या नजरेची रेषा तिरपी असते आणि ती दोरीइतकी घट्ट असते. तीन डोकी वेगवेगळ्या उंचीवर आली की ती डोळा जोडतो. फोटोसाठी उभ्या माणसाला सगळं वजन एका पायावर टाकायला सांगा: कंबर एका बाजूला कलते, खांदे आपसूक दुसऱ्या बाजूला. काहीही न शिकवता दोन तिरप्या रेषा मिळतात, एकमेकींना तोलणाऱ्या. दोन्ही पायांवर सारखं वजन घेऊन उभा माणूस ओळखपत्रासाठी आल्यासारखा दिसतो.

सावल्यांचं वेगळंच. सूर्य ४५ अंशांवर असताना सावली वस्तूएवढी, १५ अंशांवर पावणेचार पट, १० अंशांवर जवळजवळ पावणेसहा पट. पण लांबीपेक्षा दिशा महत्त्वाची. सूर्य अगदी पाठीशी असेल तर सावल्या समोर सरळ पळतात आणि मधोमध तुमचीच सावली पडते. अगदी बाजूला असेल तर त्या फोटोत आडव्या पडतात. दोन्हींच्या मध्ये, सूर्य एका खांद्याच्या मागे, किंवा समोर पण एका बाजूला, अशी उभं राहण्याची जागा घेतली की त्याच सावल्या तिरप्या होतात. गजांच्या समांतर सावल्या असतील तर त्यांना लय येते, पण मग त्या लयीत एक खंड हवा. एखादा गज तुटलेला, एखादी व्यक्ती मध्ये आलेली. नुसती लय म्हणजे पडद्याचं कापड.

तिरप्या रेषांच्या जाळ्यांबद्दलही बरेच जण विचारतात. लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये क्रॉप उघडून ‘ओ’ दाबत राहिलात तर कर्णांचे आणि त्रिकोणांचे वेगवेगळे आराखडे फोटोवर येतात. एक पद्धत तर चारही कोपरे ४५ अंशांत दुभागून त्या रेषांवर महत्त्वाचे तपशील शोधते. शिकताना आठ दिवस खेळायला ठीक. पण फोटो काढून झाल्यावर इतक्या रेषा टाकल्या की कुठली ना कुठली जुळतेच, आणि जुळली म्हणून फोटो सुधारत नाही.

तीक्ष्णतेकडे मात्र दुर्लक्ष करू नका, कारण दूर जाणारी तिरपी रेषा फोकसच्या पातळीला छेदून जाते. तिचा एकच तुकडा खात्रीने तीक्ष्ण असणार, बाकी अ‍ॅपर्चरच्या भरवशावर, म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडं आहे यावर. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची लेन्स आणि छिद्राचा आकडा एफ ८ असेल, आणि फोकस २.४ मीटरवर, तर सुमारे १.२ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्याइतकं तीक्ष्ण येतं. ८५ मिलिमीटरला अनंतापर्यंत तीक्ष्ण हवं असेल तर फोकस ३० मीटरवर न्यावा लागतो, म्हणजे रेषेचा मोठा भाग धूसर होणारच. ते वाईट नाही. पण फोकस कशावर आहे हे तुम्ही ठरवलेलं असावं. जवळचं टोक धूसर आणि दूरचा माणूस तीक्ष्ण असेल तर डोळा रेषेवरून पुढे सरकतो. उलट केलंत, तर जवळच्या टोकाशीच थांबतो.

आता तुमचा पूल. मित्राला तिथेच टेकू द्या. तुम्ही कठड्याशी या, ६० सेंटिमीटरवर, आणि कठड्याला समांतर बघा. मित्र तुमच्यापासून तीन मीटर पुढे. ३५ मिलिमीटरची लेन्स लावून कॅमेरा सरळ धरला तर आडव्या फ्रेममध्ये तो साधारण गुडघ्यांपासून वर दिसेल, फ्रेमच्या उंचीचा जवळजवळ अर्धा भाग घेईल. पायही हवे असतील तर कॅमेरा खाली रोखू नका, मित्रापासून पावणेपाच मीटरपर्यंत मागे जा. कठड्याची कड ४५ अंशांनी, कोपऱ्यापासून रुंदीच्या सहाव्या हिस्स्याइतकी आत, खालच्या कडेवरून शिरेल. नेमका कोपराच हवा असेल तर ९० सेंटिमीटरवर उभे राहा, पण मी नाही राहणार. एफ ८ ला मित्रावर फोकस केलात तर सुमारे १.९ ते ७.३ मीटर तीक्ष्ण येईल. कठड्याचा फ्रेममधला सगळ्यात जवळचा भाग पावणेदोन मीटरवर असेल, म्हणजे तो किंचित मऊ. हवा तसाच.

क्षितिज किंवा पाण्याची रेष कॅमेऱ्यातल्या लेव्हलने सरळ करून घ्या. मित्राला सांगा की लेन्सकडे न बघता पाण्याकडे, पुलाबाहेर बघ. कठडा डोळ्याला त्याच्यापर्यंत आणेल आणि त्याची नजर तिथून बाहेर वळवेल. हा एक फोटो काढलात की गुडघ्यावर बसा, डोळा कठड्याच्या उंचीला आणा, आणि तोच फोटो पुन्हा काढा. कठडा सपाट झालेला दिसेल. मग हळूहळू उठत प्रत्येक दहा सेंटिमीटरला एक फोटो घ्या आणि घरी ते ओळीने लावून बघा.